सदतीसमधून अडतीसमध्ये

महाराणी,

क्लबाच्या अंकासाठी तुझं चरित्र लिहा म्हणून तुझ्या क्लबाने मला गळ घातली आहे. शब्द मोजून दिलेत, आणि ‘प्रेरणादायी’ हवं असंही बजावलंय. शब्दांचं पाळीन, दुसऱ्याचं बघू. ‘तू’ म्हणून लिहायला लागले की मला तुझ्यावर ओरडावंसं वाटतं, म्हणून ‘ती’ म्हणते. यातल्या आत्यालाही परकीच धरते. तिची बाजू घ्यावी असं तिने फारसं काही केलेलं नाही.

तर ती. जन्मताना मेंदूला इजा झाली. सेरेब्रल पाल्सी. उजवा हात कोपरात दुमडलेला, मूठ आवळलेली, उजवी टाच अधांतरी. आईवडील दोघं कामावर, त्यामुळे दिवसभर घरात ती आणि आत्या. डॉक्टर म्हणाले, टाच टेकवून चालायची सवय लावा. आत्या हात धुऊन मागे लागली. स्वतः ओट्यापाशी असली तरी कान बाहेरच्या व्हरांड्यात. तिथे पावलं वाजायची, टक-घस्स, टक-घस्स. ‘घस्स’ जरा लांबला की आतून हाक, “टाच!” शेजाऱ्यांनी आत्याचं नावच टाचबाई पाडलं. “काय टाचबाई, पाणी आलं का?” असं तोंडावर विचारायचे.

दर सहा महिन्यांनी डॉक्टरांपुढे चालून दाखवायचं. त्या दिवशी ती जीव तोडून नीट चालायची. डॉक्टर ‘छान’ म्हणायचे आणि आत्या घरी पोचेपर्यंत एकदाही ओरडायची नाही. बक्षीस म्हणतात ते हेच.

तेराव्या वर्षी सुटलेल्या बसमागे धावताना तिला शोध लागला, की चालण्यापेक्षा धावणं सोपं.

“चालताना पाय विचार करत बसतो गं आत्या,” ती म्हणाली. “धावताना त्याला सवड मिळत नाही.”

“मग दिवसभर धाव,” आत्या म्हणाली, आणि तिला क्लबात घालून आली.

अपंगांच्या शर्यतीत शरीराची अडचण किती, त्यावर गट पडतात. तिचा गट सदतीस. आकडा वाढला की अडचण कमी, आणि प्रतिस्पर्धी जास्त चपळ. सदतीसमध्ये शंभर मीटरला ती पाच वेळा राष्ट्रीय विजेती झाली. दिवसा रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये डाव्या हाताने बाटल्यांवर लेबलं चिकटवायची, उरलेला वेळ मैदानावर.

सव्विसाव्या वर्षी फेरतपासणी निघाली. गट तोच राहिला, तर पुढच्या वर्षी परदेशी जाणाऱ्या संघात तिची जागा पक्की. बदलला, तर संपलं. सोबत एकालाच परवानगी होती, म्हणून प्रशिक्षक बाहेर थांबले आणि आत्या आत गेली. खोलीबाहेरच्या बाकावर आत्या तिच्या कानाशी लागली.

“हे बघ, खोटं काही करायचं नाही.”

“बरं.”

“पण मला दाखवायला चालतेस तशी चालू नकोस. सकाळी अंथरुणातून उठून जातेस ना, तशी चाल.”

“म्हणजे घासत?”

“म्हणजे आहेस तशी.”

“तेवीस वर्षं टाच टाच करून डोकं खाल्लंस, आणि आज म्हणतेस घास?”

“हळू बोल, मेले! ऐकतील.”

तपासनीसांनी गुडघा वाकवून पाहिला, घोटा फिरवला, अंश लिहून घेतले. मग जमिनीवरच्या पांढऱ्या पट्टीकडे बोट केलं. चालून दाखवा.

दोन पावलं तिने सकाळसारखी टाकली. टक-घस्स, टक-घस्स. खोली शांत होती, घस्स चांगलाच ऐकू आला. तपासनीसांनी मान वर केली. झालं! तिसऱ्या पावलाला टाच टेकली. चौथ्याला टेकली. पट्टीच्या शेवटापर्यंत ती आखल्यासारखी चालली आणि वळून, कोणी सांगितलं नसताना, तशीच परत आली.

“छान,” तपासनीस म्हणाले आणि पान उलटलं.

तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. आत्याने डोळे मिटून घेतले.

चार वाजता फळ्यावर निकाल लागला. अडतीस.

पुढचं थोडक्यात. परदेशी जाणाऱ्या संघात दुसरी गेली. “चांगली चालली म्हणून हरलेली तू पहिलीच,” प्रशिक्षक म्हणाले. अडतीसमध्ये ती आणखी तीन वर्षं धावली. कधी सहावी, कधी पाचवी, पदक एकही नाही. आयुष्यातली सगळ्यात कमी वेळ तिने तिथेच नोंदवली, पाचवी येऊन. मग बूट काढले. लॅब चालू आहे.

राहिलं त्या तपासणीच्या दिवसाचं एक काम. निकालावर हरकत घ्यायला पाचपर्यंत मुदत होती. आत्याने स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून दोन पानी अर्ज खरडला, प्रशिक्षकांची सही घेतली आणि तिच्या हातात दिला. “त्या समोरच्या खिडकीत दे आणि पोच घेऊन ये.”

ती गेली आणि तोंड धुऊन परत आली.

“पोच?”

“खिडकी बंद झाली.”

पाचला वीस मिनिटं कमी होती. खिडकी पायऱ्यांवरून दिसत होती, सताड उघडी, आतला माणूस कपबशी घेऊन बसलेला. चालत दोन मिनिटं. आत्याचे पाय धडधाकट होते. तिने घड्याळ पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पाच वाजेपर्यंत बसून राहिली.