राधाबाईंच्या घरची मालगाडी

राधाबाईंच्या घरी मालगाडी केव्हाही यायची. सकाळी पोळ्या लाटताना, दुपारी अंगणात वड्या घालताना, एकदा तर ऐन दिवाळीच्या अंघोळीला. शेजारच्या अन्नपूर्णाबाईंना मधल्या भिंतीतून ऐकू यायचं, "अवो, मालगाडी आली." मग भांडं पडल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही, आणि शेवटी, "गेली का?" "गेली."

अन्नपूर्णाबाईंचे यजमान भिलाई-तीनच्या स्टेशनावर सहायक स्टेशनमास्तर होते. कुठली गाडी कुठे अडली आहे, हे त्या घरात पोरांच्या अभ्यासापेक्षा जास्त माहीत असायचं. राधाबाईंची मालगाडी यायची त्या वेळी रुळांवर बहुतेक शेळ्या चरत असायच्या. पण राधाबाईंचे यजमान शामराव मालगाडीवर गार्ड होते. गार्डाच्या बायकोच्या कानात गाड्या वाजत असतील, असं म्हणून अन्नपूर्णाबाईंनी तो विषय सोडून दिला होता.

मालगाडी म्हणजे फिट. शामराव तुमसरला असताना त्यांची मुलगी तारा पहिल्यांदा पडली, डोळे फिरवले, हातपाय झाडले आणि उठून पाणी मागितलं. ती तेव्हा परकर-पोलक्यात होती. हा शब्द शामरावांनीच काढला. "पॅसेंजरले टाइम असते," ते म्हणाले, "हिले टाइम नाई. आली का बाजूले उभं राहाचं न् जाऊ द्याचं." रेल्वेच्या माणसाला याहून मोठं तत्त्वज्ञान लागत नाही. शिवाय क्वार्टरच्या भिंती पातळ होत्या, आणि मालगाडी हा शब्द रेल्वे कॉलनीत कुणाच्या कानाला टोचत नाही.

भिण्याच्या बाबतीत राधाबाईंचा हात कुणी धरला नसता. ताराला त्यांनी विहिरीवर जाऊ दिलं नाही, चुलीपाशी एकटं बसू दिलं नाही, सातवीनंतर शाळा सोडायला लावली. लोकांना सांगितलं, पोरीचे डोळे दुखतात. त्यानंतर ताराला शिवण करताना कुणी पाहिलं की राधाबाई तिच्या हातातली सुई काढून घ्यायच्या. एक खोटं सांभाळायला रोज किती बारीकसारीक कामं असतात, हे बाहेरच्याला कळायचं नाही. फिट आली की ताराचा डावा अंगठा आधी मुठीत वळायचा. त्यामुळे राधाबाई लेकीच्या तोंडाकडे कमी आणि अंगठ्याकडे जास्त पाहायच्या.

आता तर भ्यायला नवंच कारण मिळालं होतं. अन्नपूर्णाबाईंचा भाचा नरहरी पोलादाच्या प्लांटमध्ये रोलिंग मिलला लागला होता आणि त्याला नव्या वसाहतीच्या सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं होतं. पहिली भट्टी पेटून तीनेक वर्षं झाली होती. अर्धी भिलाई अजून तंबूत आणि पत्र्याखाली राहत होती. अशा दिवसांत क्वार्टरवाला मुलगा म्हणजे काय, हे मुलीच्या आईला समजावून सांगावं लागत नव्हतं. अन्नपूर्णाबाईंनी ताराचं नाव काढलं होतं. दसरा झाला की नरहरीची आई बघायला येणार होती.

"सांगाचं का त्याईले?" राधाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"लगन होऊ दे. मंग सांगू."

"मंग कोण सांगन?"

"मालगाडीच सांगन," शामराव म्हणाले आणि डब्याचं झाकण लावून ड्युटीवर गेले.

शनिवारचं भजन मारुतीच्या देवळापुढल्या मांडवात व्हायचं. मंडळ अन्नपूर्णाबाईंचं, आवाज सत्यभामेचा. सत्यभामा जवळच्या मरोदा गावची. नवरा देवीदास प्लांटात कारकून होता. तो तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून आणायचा, तिच्या मांडीवर खंजिरी. भजनं ती स्वतःच जुळवायची. तिचा आवाज गोड नव्हता. खरखरीत होता, पण तो ऐकताना आपलंच काहीतरी कुणीतरी मोठ्यानं बोलतंय असं वाटायचं. राधाबाई मागच्या ओळीत झांज घेऊन बसायच्या, कारण मागच्या ओळीकडे कुणी वळून पाहत नाही. ताराला घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून ती शेजारी. सत्यभामा गायला लागली की राधाबाईंना घटकाभर भ्यायचा विसर पडायचा. तेवढ्यासाठी त्या एक शनिवार चुकवत नसत.

मागच्या नवरात्रात सत्यभामा गाता गाता पडली होती. बायका म्हणाल्या, देवी आली. अन्नपूर्णाबाईंनी तिला कुंकवाचा मळवट भरला, पायावर डोकं ठेवलं आणि विचारलं, माय, आमच्या नरहरीले क्वार्टर केव्हा मिळन? मागून दुसरीनं विचारलं, कोणत्या सेक्टरमध्ये? देवीनं तोंडाला फेस आणला, उत्तर दिलं नाही. पण पुढल्या महिन्यात नरहरीला क्वार्टर मिळालं आणि मांडवात बसायला जागा पुरेना.

या पावसाळ्यात एका शनिवारी सत्यभामेनं तो सगळा व्यवहार मोडला. खंजिरीचं कातडं ओलसर हवेत सैल पडतं, म्हणून भजनाच्या मधे ती शेगडीवर शेकावी लागते. ती शेकता शेकता सत्यभामा म्हणाली, "बायांनो, मले देवीबिवी नाई येत. मले फिट येते. लहानपणापासून हाय. गोळी खातो मी, तरी येते. सासरच्यायनं मले दोन वर्स मागच्या कोठ्यात ठेवलं होतं, ढोरायजवळ. म्या कोणालेच नाई सांगितलं. आता सांगून टाकतो, लपवून लपवून थकलो." मग तिनं बोटानं खंजिरी वाजवून पाहिली. "शेकली. चला."

देवीकडे क्वार्टरची चौकशी करून बसलेल्या बायकांना आता कुठे पाहावं ते कळेना. मंडळातल्या तुळसाबाई उठल्याच. "फिटवालीचं भजन देवाले चालत नाई," त्या म्हणाल्या आणि चपला घालून मांडवाच्या दाराशी जाऊन बसल्या. तिथून ऐकू चांगलं यायचं. अन्नपूर्णाबाईंनी मात्र ते मानलंच नाही. "तुले काय समजते?" त्यांनी सत्यभामेला सुनावलं. "देवी तुह्या अंगात आली होती. तुले कशी दिसन ते?"

पुढल्या शनिवारी अर्धा मांडव रिकामा होता. नवस बोलायला येणाऱ्या गेल्या होत्या. राहिल्या त्या गाणं ऐकायला येणाऱ्या, आणि आपण इतक्या आहोत याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. एकीनं सत्यभामेखाली अंथरायला जाड गोधडी आणली. दुसरी तिच्या डोक्यामागे उशी घेऊन बसायला लागली आणि विचारलं तर म्हणायची, माझी कंबर दुखते. खंजिरी शेकताना आता बाकीच्याही बोलायच्या. एकीचा नवरा प्यायचा. एकीचं लेकरू तंबूतल्या उन्हाळ्यात गेलं होतं, आणि तिनं ते माहेरी अजून कळवलं नव्हतं. खंजिरी शेकली की बोलणं थांबायचं. त्यामुळे कधीकधी खंजिरी जरा जास्तच शेकली जायची.

ओळीनं एकेकीची पाळी येतेय आणि आता आपल्याकडे बघतील, असं राधाबाईंना वाटायचं. त्या झांजेची दोरी सोडून पुन्हा बांधायच्या.

एकदा सत्यभामेनं ताराला जवळ बोलावलं. "ओठ कशानं फुटला वं तुहा?"

तारानं आईकडे पाहिलं.

"दारावर आपटली," राधाबाई म्हणाल्या.

सत्यभामेनं दाराबद्दल काही विचारलं नाही. तिनं सगळ्यांकडे वळून एवढंच म्हटलं, "एक सांगून ठेवतो. मी पडलो तं पडू द्या. पण झील पाडू नका. मंग मले समजत नाई, मी कुठी हाय ते. तुमचा आवाज आला तं कुठून धराचं ते समजते." झील म्हणजे गाणारीच्या मागे सगळ्यांनी उचललेलं धृपद. गाणारी दम घ्यायला थांबते, तेव्हा झिलकऱ्यांनी ते खाली पडू द्यायचं नसतं.

त्या दिवशी घरी येऊन तारा म्हणाली, "माय, ते वळखली."

"चूप," राधाबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे पाहिलं.

नवरात्रातल्या अष्टमीला संध्याकाळी मांडव पुन्हा भरला. अन्नपूर्णाबाईंनी कुंकवाचं ताट तयार ठेवलं होतं. त्यांची आशा सुटलेली नव्हती. तुळसाबाई दाराशी. पलीकडे प्लांटच्या दिशेचं आभाळ भट्टीनं लाल झालं होतं, आणि त्याकडे आता कुणी मान वर करून पाहत नव्हतं. अन्नपूर्णाबाईंनी ताराला हाताला धरून पुढे बसवलं. दसऱ्यानंतर सून म्हणून दाखवायची पोर मागच्या ओळीत बसलेली बरी दिसत नाही.

राधाबाई मागे एकट्या राहिल्या. गाणं सुरू झालं, "थांब माये, घटकाभर अंगणात थांब." राधाबाईंना ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं. मधे चार ओळी बायकांच्या, त्यांच्या खांद्यांमधून ताराचा डावा हात दिसत होता. अंगठा बाहेर होता. मग पुढची बाई हलली आणि हात दिसेनासा झाला. राधाबाईंनी झांज वाजवायची सोडली. मान वाकडी केली. अंगठा. अंगठा वळला होता की काय? की पदर धरला होता पोरीनं? सगळ्यांसमोर, याच ताटासमोर, आज, असं त्यांच्या मनात आलं, आणि तेवढ्यात धप्प आवाज झाला.

सत्यभामा पडली होती.

झील तुटली. अन्नपूर्णाबाई ताट घेऊन धावल्या, "मी म्हटलं नव्हतं, माय आली!" दाराकडून तुळसाबाई धावल्या, हातात स्वतःची चप्पल, हुंगवायला. उशीवाली उशी घेऊन मधे सापडली. एका बाजूनं कुंकू आणि एका बाजूनं चप्पल सत्यभामेच्या तोंडापर्यंत पोचतच होती, तेव्हा राधाबाई बायकांच्या अंगावरून तुडवत पुढे गेल्या. कशा गेल्या ते त्यांना आठवत नाही.

"काई लावू नका तिले," त्या म्हणाल्या. आवाज घरातला होता, भिंतीपलीकडचा. "बाजूले व्हा. मालगाडी हाय ते. जाऊ द्या."

मांडवातल्या बहुतेक बायकांना काही समजलं नाही. गार्डाची बायको घाबरून बरळतेय, असं त्यांना वाटलं. अन्नपूर्णाबाई मात्र ताट हातात घेऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भिंतीतून ऐकलेल्या सगळ्या मालगाड्या एकामागून एक जाताना दिसत होत्या, दिवाळीची धरून.

"काय म्हटलं तुमी राधाबाई?" त्यांनी विचारलं. "मालगाडी?"

राधाबाईंनी तोंड उघडलं. गाडीत दगड येतात म्हणावं, कोळसा येतो म्हणावं, काहीतरी म्हणावं. त्यांनी झांजेची दोरी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"माह्याकडे येते मावशी," तारा म्हणाली. "डोळे नाई दुखत माहे. कधीच नाई दुखले."

आणि पुढे काय बोलावं हे न कळून तिनं झील उचलली. "थांब माये, घटकाभर अंगणात थांब." तिचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. तो बारीक निघाला आणि दुसऱ्याच ओळीला फाटला. मग उशीवालीनं धरला. मग ज्या बाईचं लेकरू गेलं होतं तिनं. मग मांडवातल्या बायका, ज्या देवीसाठी आल्या होत्या त्यासुद्धा, कारण बाकीच्या गात असताना नुसतं बसणं अवघड असतं. तुळसाबाईंनी चप्पल पायात घातली आणि दाराशी जाऊन झील धरली. राधाबाई सत्यभामेला कुशीवर वळवून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

बऱ्याच वेळानं सत्यभामेनं डोळे उघडले. ती मांडवाच्या कापडाकडे पाहत राहिली, कान दिले, आणि पडल्या पडल्याच पुढली ओळ धरली.

अन्नपूर्णाबाई कुंकवाचं ताट मारुतीपुढे ठेवून घरी गेल्या.

दसरा झाला, नरहरीची आई आली नाही. त्याचं लग्न कार्तिकात वर्ध्याच्या मुलीशी ठरलं. पत्रिका आली, ती शामरावांनी वाचून देवापाशी ठेवली. तारा शनिवारी सत्यभामेच्या मागे बसते आणि झील तिची असते. राधाबाई अजूनही तिच्या अंगठ्याकडे पाहतात. लोक काय म्हणतील ही भीती तेवढी कमी झाली, कारण लोकांचं म्हणून झालं होतं. बाकीच्या भीतींना त्यामुळे जागा मोकळी मिळाली.

मधे महिनाभर भिंतीपलीकडून काही आवाज नव्हता. अन्नपूर्णाबाई पाण्याला निघाल्या की राधाबाई घागर घेऊन दारातूनच परत फिरायच्या.

मग एका दुपारी तारा वड्या घालता घालता पडली. राधाबाईंनी सवयीनं आवाज दाबला, परात बाजूला ओढली, पोरीला कुशीवर केलं. भांडं पडलंच. नंतर घर चूप झालं. त्या जमिनीवर बसून होत्या, भिंतीकडे पाठ करून.

"राधाबाई," भिंतीतून आवाज आला. अन्नपूर्णाबाई स्टेशनावर गाडीची चौकशी करावी तशा विचारत होत्या. "गेली का वो?"

राधाबाईंनी ताराचा अंगठा पाहिला. तो हळूहळू सुटत होता.

"जाऊन राहिली," त्या म्हणाल्या.