खजुराच्या बागेतली आग

वाळक्या झावळ्या जळल्याचा वास आला की मला अमिरातीतल्या फुजैराचं आमचं भाड्याचं घर आठवतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. घराला लागूनच खजुराची जुनी, पाण्याअभावी अर्धी वाळलेली बाग होती. एका दुपारी तिच्या पलीकडच्या टोकाला धूर दिसला. नवरा बंदरावर कामाला होता, मी त्याच्या ऑफिसात फोन लावला. "घराबाहेर पडू नकोस, मी गाडी घेऊन निघालोच," तो म्हणाला. मी पासपोर्ट पर्समध्ये टाकले, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले आणि पाच वर्षांच्या मुलीला जवळ घेऊन बसले. "मम्मा, इट्स टू हॉट," ती रडायला लागली. बाहेर झाडांचे शेंडे तडतडत, एकापाठोपाठ एक पेटत आमच्याकडे सरकत होते. तेवढ्यात शेजारच्या अरब म्हातारीने दार बडवलं. "यल्ला, चलो! हवा इधर आता है!" मी क्षणभर घुटमळले, मग मुलीला उचलून तिच्या मुलाच्या पिकअपमध्ये चढले. पंधरा मिनिटांनी नवरा पोचला. आम्ही आतच आहोत असं समजून तो धुरात एकेक खोली शोधत राहिला. बंबवाल्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं आणि पाठोपाठ छप्पर कोसळलं. इस्पितळात कोपरापर्यंत भाजलेले हात पुढे ठेवून त्याने एवढंच विचारलं, "दारावर चिठ्ठी का नाही लावलीस?" आम्ही निघालो हे बरोबरच होतं, हे त्यालाही पटलंय. पण आजही त्याच्या हातात चहाचा कप देताना मी दुसरीकडे बघते.