म्हसोबाचा रेडा डब्यात

श्रावणात लोक वेरूळला जातात. आम्ही उकिरडा बघायला पिशोरला निघालो. मित्र सलीम प्राणिशास्त्र शिकवतो. त्याला वर्गात दाखवायला जिवंत शिंगवाला भुंगा हवा होता. कित्येक पावसाळे हुकले होते. ओळखीच्या कौसाबाईंनी आपल्या शेणखतात असल्याचं कळवलं.

संभाजीनगरहून एसटीनं कन्नड, पुढं शेअर जीप. भाडं परवडतं, पण मागच्या फळीवर बसू नका. पिशोरला तुम्ही आधी पोचता, कंबर नंतर येते.

कौसाबाईंनी भाकरी-ठेचा वाढला आणि खत उकरून अंगठ्याएवढा भुंगा काढून दिला. सलीम सांगू लागला, ह्याच्या परदेशी भाऊबंदांची नावं हर्क्युलिस, ॲटलस. एक ग्रीकांचा भीम, दुसरा आभाळ खांद्यावर पेलणारा.

"आमच्यात ह्याला म्हसोबाचा रेडा म्हणत्यात," कौसाबाई म्हणाल्या. सलीम हरखला. भोकं पाडलेल्या डब्यात रेडा बंद झाला.

दुपारी म्हैस विणीला आली आणि अडली. एक पाय बाहेर, पुढं काहीच नाही. घर तिच्याच दुधावर चालायचं. कन्नडहून जनावरांचा डॉक्टर निघाला होता, पण म्हशीनं मान टाकली. कौसाबाईंची नजर डब्यावर गेली.

"मास्तर, म्हसोबाचा रेडा कोंडलाय तुम्ही. सोडा."

अंधश्रद्धेवरचं भाषण मला तोंडपाठ आहे. शहरात टाळ्याही पडतात. म्हशीचे फिरलेले डोळे बघून ते मी शहरासाठीच ठेवलं.

सलीमनं झाकण काढून भुंगा खतावर धरला. भुंगा जाईना. सलीमच्या अंगठ्याला नख्या रोवून बसला.

"झटकू नका," कौसाबाई कुजबुजल्या.

बऱ्याच वेळानं तो खतात पडला, आत शिरला. म्हैस तशीच.

मग डॉक्टर आला. कोपरापर्यंत हात घालून त्यानं दुमडलेला पाय सरळ केला, ओढलं. ओलं रेडकू जमिनीवर घसरलं. हालचाल नाही. डॉक्टरनं नाकपुडीत काडी घातली, ते शिंकलं. म्हशीनं मान उचलली.

कौसाबाईंनी शेपूट वर केलं. "टोणगा. शिंगवाला नर सोडला, मग दुसरं काय येणार? मादी धरायची व्हती."

"मावशी, मग मी काय केलं?" डॉक्टर हात धूत म्हणाला.

"तुमाला बी म्हसोबानंच धाडलं."

परतताना जीपमध्ये मी सलीमला डिवचलं, मास्तर म्हसोबाला शरण गेले म्हणून.

घरी बायकोनं विचारलं, काय आणलं? मी शेणानं भरलेले बूट दाखवले. दुसऱ्या दिवशी सलीमचा फोन आला.

"यार, डबा बंद ठेवला असता आणि म्हैस मेली असती, तरी शास्त्रानं मी बरोबरच असतो," तो म्हणाला. "पर वो घर में फिर किस मुँह से जाता?"