तिच्या श्वासाची जागा

काल चिकपेटेच्या कापडबाजारात बायको साड्या उलगडून बघत होती आणि दुकानात आमचंच जुनं गाणं लागलं. पण त्यावर मशीनचे ड्रम्स चढवून ते नवं केलेलं. माझं डोकंच फिरलं.

हे गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा इथल्याच शिवाजीनगरच्या त्या कोंदट स्टुडिओत मी कीबोर्डवर होतो आणि ड्रम्सवर जोसेफअण्णा. त्यांनी आवाज दबावा म्हणून ड्रमवर घडी घातलेला टॉवेल टाकला, गाणाऱ्या मुलीला नुसतीच एक ओळ म्हणायला लावली आणि मग काठ्या उचलल्या. ठेका असा काही बसला की माझी बोटं माझी राहिलीच नाहीत, त्यांच्या मागून आपोआप चालत गेली. फक्त प्रत्येक ओळीआधी ते एक ठोका सोडत होते. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "अण्णा, एक ठोका राहतोय."

"राहिला नाही, मी सोडलाय. स्वल्प, जरा नीट ऐका, तिथे ती श्वास घेते."

हेडफोनमध्ये तो इवलासा श्वास आला, मग त्यांचा ठोका पडला, आणि माझ्या अंगावर काटा आला.

"नवीन व्हर्जन आहे, सर. एकदम क्लीन!" दुकानदार म्हणाला. बायकोही म्हणाली, "आता कसं भरल्यासारखं वाटतंय, नाही?"

मी दात आवळून पुढच्या ओळीची वाट पाहिली. अण्णांनी सोडलेल्या जागेत ठोके ठासून भरले होते. आणि मध्ये येतो म्हणून तिचा श्वासही पुसून टाकला होता.