दोरवाली गस्टा

कॅरिबियनमधल्या ग्रेनेडा बेटावर, ग्वाव्ह गावाच्या वरच्या डोंगरात, जायफळाच्या बागेत जन्म काढलेल्या ऑगस्टाला सगळे दोरवाली गस्टा म्हणत. एक जून, म्हणजे वादळांच्या हंगामाचा पहिला दिवस, उजाडला की ती शिडी लावायची आणि घराच्या पत्र्यांवरून जाड दोर टाकून खुंट्यांना करकचून बांधायची. एकोणीसशे पंचावन्न साली जॅनेट वादळात घराचे पत्रे उडाले आणि त्यातल्याच एका पत्र्यानं तिच्या आईचा जीव घेतला. तेव्हा गस्टा सात वर्षांची होती.

गावाची आठवण मात्र आखूड. पुढची एकोणपन्नास वर्षं मोठी वादळं उत्तरेला वळत गेली, आणि लोकांना वाटायला लागलं की आपलं ग्रेनेडा नकाशात इतकं खाली आहे की वादळाची नजर तिथवर पोचतच नाही. तिचा नवरा ह्यूबर्ट तर छातीठोकपणे सांगायचा, "देव मूळचा आपल्याच बेटावरचा."

शेजारचा कॉसमॉस दरवर्षी शिडीखाली येऊन विचारायचा, "काय मावशी, घर पळून जातंय होय?"

"घर जागेवर आहे रे. तुझी अक्कल पळालीय, तिला बांधू का?"

दोन हजार चारच्या मे महिन्यात ह्यूबर्टला सत्तर वर्षं पूर्ण झाली. जन्मात कधी काही न मागणारा माणूस, जेवून झाल्यावर हळूच म्हणाला, "गस्टा, यंदा घराला दोर नको. लोक हसतात त्याचं काही नाही गं. पण चाळीस वर्षं तू त्या दोराच्या भरवशावर झोपलीस, माझ्या नाही. एक वर्ष माझ्या देवावर सोडून बघ."

गस्टा विरघळली. नको तिथे विरघळली, असं आता कुणीही म्हणेल. तिनं शब्द दिला. पण एक जूनला तिचे हात काही गप्प बसेनात. वरच्या चढावर जायपत्री वाळवायची बुटकी लाकडी शेड होती. गुडघ्यांमुळे ह्यूबर्ट दोन वर्षांत तिथे फिरकला नव्हता. घराचा दोर तिनं गुपचूप त्या शेडला बांधला.

सप्टेंबरच्या सात तारखेला रेडिओ सकाळपासून ओरडत होता. आयव्हन वादळ सरळ येत होतं.

"वळेल," ह्यूबर्ट म्हणाला.

"नाही वळलं तर? दोर आणते मी."

"शब्द दिलायस तू."

ती खाली बसली. दुपारी पत्रे एकामागून एक सुटले आणि आढं ह्यूबर्टच्या छातीवर आलं.

वारा पडला तेव्हा डोंगर बोडका झाला होता. जॅनेटनंतर तिच्या बापानं लावलेली झाडं मुळं वर करून पडली होती. फुटलेल्या जायफळांचा वास सगळीकडे दाटला होता. घराच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या. चढावर शेड मात्र जशीच्या तशी उभी होती, एक पत्रा हलला नव्हता.

ते पाहून तिला आनंद झाला नाही. तिला ह्यूबर्टची भीती वाटली: त्याला तो दोर दिसला तर?

रस्ते बंद होते. खालच्या गावातली नर्स चालत आली, तिनं ह्यूबर्टच्या बरगड्या चाचपल्या आणि गस्टाला बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस नाहीत. त्याला छपराखाली न्यायला हवं होतं, आणि छप्पर एकच उरलं होतं. कॉसमॉसनं दार आडवं करून त्यावर त्याला निजवलं.

"थांब जरा, झाडून घेते," म्हणत गस्टा कोयता घेऊन पुढे गेली. तिनं दोराच्या गाठी एकेक करून तोडल्या, खुंट्या उपटल्या आणि सगळं ओढ्यात फेकलं. कॉसमॉसनं खालून पाहिलं. मग तो सरकून ह्यूबर्टला शेड दिसणार नाही असा आडवा उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी ह्यूबर्टनं वर पाहिलं. "गस्टा, या छपराला दोर होता का गं?"

"नव्हता."

"आणि तरी राहिलं?"

"राहिलं की."

वादळानंतर तो पहिल्यांदा हसला. "सांगत नव्हतो? आपलाच आहे तो."

"हो रे बाबा, आपलाच."

त्याचा डोळा लागला. बाहेर पुन्हा वारा उठला आणि पत्रे खडखडायला लागले. वादळांचा हंगाम संपायला अजून अडीच महिने होते. गस्टानं एका हातात ह्यूबर्टचा हात घेतला आणि दुसऱ्या हातानं डोक्यावरचा वासा खाली ओढून धरला.