बाबांची खाण मी पुस्तकात पाहिली

मी रायपूरला शिकायला निघाले त्या दिवशी तुमसर रोडच्या फलाटावर बाबा पाळी संपवून तसेच थेट आले होते. मँगनीजची काळी भुकटी कानांत, भुवयांत, नखांत. माझा पांढरा सलवार-कुर्ता नवा होता, म्हणून त्यांनी मला हात लावला नाही. खिडकीचा गज धरून उभे राहिले. तिकडे गप्प बसू नको, लोकांना वाटेल हिला काही येतच नाही, असं आईने तीनदा सांगितलं. गाडी हलली तेव्हा गजावर त्यांच्या बोटांचे चार काळे ठसे राहिले. गोंदियापर्यंत मी त्या गजाला टेकले नाही.

हे मी खाणीच्या कॉलनीत राहिलेल्या मैत्रिणींसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठीही. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

रायपूर तेव्हा नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. मी जिच्याकडे राहून कॉलेज करणार होते ती आत्या शंकर नगरात राहायची. तिच्या गल्लीतल्या राहत्या बंगल्यांवर रोज एखाद्या नव्या कार्यालयाची पाटी लागायची, आणि काही पाट्यांवर मध्य प्रदेशाची जुनी अक्षरं नव्या रंगाखालून अजून दिसायची. एक आख्खं राज्य आपल्या डोळ्यांसमोर सामान लावून घेतं आहे, हे बघून मी थक्क व्हायचे. माझे आतेभाऊ मराठीत विचारलेल्याचं उत्तर हिंदीत द्यायचे. मला मात्र हिंदी समजायची, बोलता यायची नाही. भूगर्भशास्त्राच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मी उभी राहून जमेल तशा हिंदीत एक उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं, पण सगळा वर्ग हसला. त्यानंतर दीड वर्ष मी वर्गात तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या वर्षी सेमिनार आला. प्रत्येकाने एकेक विषय घेऊन सगळ्यांसमोर बोलायचं, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. माझ्या चिठ्ठीत विषय निघाला: अमेरिकेच्या पश्चिमेकडे, वस्ती नव्याने होत होती त्या काळात, खाणी कशा चालवल्या जात.

ग्रंथालयातलं जाडजूड इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश घेऊन वाचायला बसले आणि हळूहळू त्यात बुडाले. नेवाडाच्या उघड्या डोंगरात चांदी सापडते. जिथे झाडाची सावली नव्हती तिथे बघता बघता शहर उभं राहतं. मालक समुद्राकाठच्या दूरच्या शहरात, त्यातल्या कित्येकांनी खाण कधी पाहिलेलीही नाही. त्यांचा व्यवस्थापक दर आठवड्याला त्यांना पत्र लिहितो: किती खोल गेलो, धातू कसा लागतो आहे, किती लाकूड लागलं. चांदीचा थर इतका रुंद आणि ठिसूळ की साध्या टेकूवर छत ठरेना. तेव्हा एका जर्मन इंजिनिअरने जाड तुळयांच्या चौकटी करायला लावल्या. चौकटीवर चौकट, शेजारी चौकट. जितकी चांदी काढायची तितक्या चौकटी आत भरायच्या. आजूबाजूच्या डोंगरांवरचं जंगल उतरून जमिनीखाली गेलं.

पण वाचणं वेगळं आणि बोलणं वेगळं. सेमिनारची तारीख लागली आणि मी घरी पत्र टाकलं: मले नाही जमत, मले घेऊन जा.

चौथ्या दिवशी बाबा आले. दोन दिवसांची सुट्टी टाकून, पिशवीत आईने दिलेले पोहे. रागावले नाहीत. संध्याकाळी आत्याच्या व्हरांड्यात बसून एवढंच विचारलं, "काहून पण, बाई?"

मी पुस्तक उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. या विषयावर बोलायचं आहे, एवढंच म्हटलं. बाबांना इंग्रजी येत नाही, मराठीही सावकाश वाचतात. त्या पानावर खाणीतल्या चौकटींचं चित्र होतं. बाबांनी पुस्तक प्रकाशाकडे धरलं.

"हे त आमचंच काम हाये," ते म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. बाबा खाणीत टिंबर मिस्त्री आहेत, म्हणजे खडक खाली येऊ नये म्हणून आत लाकडाचे आधार उभे करणारे, हे मला जन्मापासून माहीत होतं. पण बायकांना खाली उतरायला कायद्यानेच मनाई, त्यामुळे डोंगराच्या पोटात ते नेमकं काय करतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर कधी विचारलंही नव्हतं.

बाबांनी चित्रावर बोट ठेवलं. "पण चित्र काढणारा खाली उतरला नसन. पाचर कोठी हाये याच्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाजारातून फळांच्या रिकाम्या पेट्या आणल्या. आत्याच्या यजमानांची, फुफाजींची, जुनी करवत घेतली आणि दुपारपर्यंत वीतभर उंचीच्या दोन चौकटी केल्या, एकीवर एक बसणाऱ्या. एकही खिळा नाही, नुसते खाचेत खाच बसवलेले सांधे. चौकटी त्यांनी व्हरांड्यातल्या लाकडी दिवाणाखाली उभ्या केल्या. वर बोटभर फट राहिली. मला म्हणाले, हालव. मी हलवलं तर सगळं डुगडुगलं. मग त्यांनी आत्याला दिवाणावर बसायला सांगितलं.

"मले डोंगर केलं का रे?" आत्या म्हणाली.

"तूच हायेस तशी. बस."

आतेभाऊ पोट धरून हसले. बाबांनी वरच्या फटीत लाकडाच्या चार निमुळत्या पाचरी सारल्या, एकेक करून हळूहळू ठोकल्या. आता हालव म्हणाले. मी दोन्ही हातांनी जोर लावला, चौकट हलली नाही. बाबा म्हणाले की नुसती उभी केलेली चौकट काही कामाची नसते. डोंगराचा भार तिच्यावर घ्यावा लागतो, मग ती धरते. भार वाढला की लाकूड करकरतं, माणसाला बाहेर पडायला वेळ देतं. लोखंड तसं सांगत नाही.

माझ्या वडिलांना हे सगळं येतं, हे मला विसाव्या वर्षी कळत होतं, तेही नेवाडाच्या वाटेने.

बाबा उरलेल्या फळीच्या आणखी पाचरी कापायला बसले, आणि मी त्यांना पुस्तकातलं बाकीचं सांगत सुटले. व्यवस्थापकाच्या पत्रांत लाकडाचा हिशेब असतो, ते लावणाऱ्याचं नाव नसतं, हे ऐकून बाबा हसले. आपल्या साहेबांचाही रिपोर्ट तसाच जातो म्हणाले. मग मी सांगितलं की चांदी संपली आणि शहर ओस पडलं, घरांची दारंखिडक्यासुद्धा लोक काढून घेऊन गेले.

बाबांची करवत थांबली. "मंग ते लोक कोठी गेले?"

पुस्तकात नाही म्हटलं. बहुतेक दुसऱ्या खाणीवर.

त्यांनी फळीवरचा भुसा झटकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपलंबी तसंच हाये, बाई. क्वार्टर कंपनीचं, डोंगर कंपनीचा. आपल्या खाणीत पश्चिमेकडं मँगनीजचा थर पातळ होऊन राहिला, मले दिसते ना. म्हणून त तुले इथं धाडलं."

हे त्यांनी मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. कदाचित आईलाही नसेल.

परत जायच्या दिवशी स्टेशनवर मी माझी ट्रंकही नेली होती, कारण ठरलं काहीच नव्हतं. बाबा तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. खिडकीशी पोचल्यावर वळून विचारलं, "एक घेऊ का दोन?"

सेमिनार जमेल असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. तरी मी म्हटलं, "एक."

त्यांनी मान डोलावली. ट्रंक स्वतः उचलून रिक्षात ठेवली, आणि या वेळी हात स्वच्छ होते म्हणून की काय, माझ्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला.

सेमिनारला मी चौकटी वर्गातल्या बाकाखाली उभ्या केल्या आणि म्हटलं, "कोई ऊपर बैठो, पहाड़ होना." मागून हसू आलं. सर उठले आणि स्वतः बाकावर येऊन बसले. मी गुडघे टेकून पाचरी ठोकल्या, आणि खाली बघून बोलायचं असल्यामुळे की काय, बोलत गेले. हिंदी मोडकीच होती. लोखंड स्वस्त झालं तरी काही खाणींत लाकूडच का वापरतात, असं एकाने विचारलं. त्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं, मला येत होतं. हे कुठून कळलं असं सरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मेरे बाबा टिंबर मिस्त्री हैं." कोणी हसलं नाही.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीत घरी गेले होते. कॉलनी तशीच आहे, अजून तरी. दुपारी आईबरोबर करंज्या भरत होते तेव्हा डोंगरात सुरुंग उडाले. फडताळातली भांडी थरथरली. आई भरत राहिली, कॉलनीत या आवाजाने कोणी मान वर करत नाही. मीही कधी केली नव्हती. त्या दिवशी मात्र माझा हात आपोआप थांबला. भांड्यांचा आवाज शांत झाला. सारवलेल्या जमिनीवर तळवे टेकून मी खालून आणखी हादरा येतो का ते बघितलं. बाबा तिथे खाली होते, आपल्या चौकटींपाशी, आणि डोंगर जागेवर होता.