हे घर डासांच्या बाजूचे आहे

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. छपाईत बिघडलेली पत्रके ते घरी आणत आणि आई ती डब्यांखाली, फळीवर, मिळेल तिथे पसरत असे. बदलापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत वाचायला दुसरे काही नव्हते. त्यामुळे मी वाचायला शिकलो तो निषेधावर आणि लिहायला शिकलो तो आवाहनावर. शाळेत गाईवर निबंध होता तेव्हा मी पहिल्याच ओळीत जनतेला जागे केले होते. गाय तिसऱ्या परिच्छेदात आली.

असा मुलगा मॅट्रिक होऊन सरकारच्या हिवताप मोहिमेत फवारणीवाला म्हणून लागला. डी.डी.टी.ची पावडर परदेशातून पिंपांतून यायची. साऱ्या जगातून हिवताप घालवायचा आहे, असे साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितले. मला तेवढे पुरले. पंप पाठीला लावून मी उल्हासनगरच्या छावणीत शिरलो तो जगाच्या वतीनेच. तिथल्या बराकींतल्या सिंधी बायका आधी पापड पुढे करायच्या. "पहले पापड खाओ, बाद में मच्छर मारो." ही लाच आहे असे समजून मी तीन दिवस पापड नाकारला. चौथ्या दिवशी भूक लागली होती.

फवारून झाले की दारावर गेरूने तारीख आणि खोल्यांची संख्या लिहायची, हेही काम माझ्याकडेच होते. नुसती तारीख लिहून माझे समाधान होत नसे. तिच्याखाली मी एखादे वाक्य टाकायचो. साहेबांनी दोनदा समज दिली.

वांगणीच्या पलीकडच्या एका गावात पंधरा दिवसांनी तपासणीला गेलो, तर एका घराच्या भिंती शेणामातीने नव्याने सारवलेल्या. पावडर भिंतीवर वरच्या वर राहिली तरच डास मरतो. सारवण फिरले की ती खाली गाडली जाते आणि आमची मेहनत फुकट. घरच्या काकी दारात उभ्या होत्या.

"भिंती का सारवल्या?" मी विचारले.

"पावने येनार होते. भिंतीवर पांढरे वघळ. कसं दिसतं ते?"

"आणि ताप आला म्हणजे?"

"ताप काय, दरसाल येतो. पावने पयल्यांदा येत होते."

मी संतापलो. अंगणात त्यांच्याच घराच्या वाशांना लावायला आणलेले डांबर होते. काकी आत गेल्या तेव्हा ते घेतले आणि दारावर वीतभर उंचीच्या अक्षरांत लिहिले: हे घर डासांच्या बाजूचे आहे. खाली रेघही ओढली. परतीच्या वाटेवर ते वाक्य मला इतके आवडत होते की मी ते दोनदा मोठ्याने म्हटले.

हंगाम संपला तसे आम्हा हंगामी माणसांना घरी पाठवले. दाखल्यावर एक ओळ होती: यांनी समाधानकारक फवारणी केली. तो घेऊन मी अंबरनाथच्या एका आगकाड्यांच्या कारखान्यात गेलो. कारकुनाने विचारले, "काय येतं तुम्हाला?"

"भिंतीपासून ठरावीक अंतर ठेवून सरळ पट्ट्यात फवारता येतं."

"आणखी?"

"लिहिता येतं," म्हणून मी खिशातले, कारखान्यांतल्या कामगारांच्या हालांवरचे माझे पत्रक त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते शेवटपर्यंत वाचले आणि नीट घडी करून परत दिले. "हे आधी बाहेर न्या. आत काड्या आहेत."

चार महिने असेच गेले. मग कळले की वांगणीच्या बाजूला एका गावाने स्वतःच शाळा काढली आहे आणि त्यांना मास्तर हवा आहे. शाळा कमिटीच्या अध्यक्षांच्या घरी भेटायचे होते. गावाच्या वळणावर गाव ओळखीचे निघाले. घर तेच होते. इतक्या महिन्यांत दारावरच्या अक्षरांचा एक कानाही पुसट झाला नव्हता.

अध्यक्ष म्हणजे त्या काकींचे यजमान. त्यांनी दाखला वाचला, मग माझ्याकडे पाहिले. "फवारणीवर होतात? मग आमचं दार कुनी रंगवलं, ठाऊक असंल."

खोटे बोलणे माझ्या तत्त्वात बसत नव्हते. शिवाय अक्षर चांगले आले होते. "मीच," मी म्हणालो.

काकी आतून बाहेर आल्या. "मुलीला बघाया दोन ठिकानची मानसं आली. दार वाचून भायरच्या भायर गेली. तिसरे आले त्यांना वाचता येत नव्हतं, म्हनून जमलं."

मी खाली मान घातली. अध्यक्ष म्हणाले, "अक्षर झ्याक हाय. पोरांना शिकवाल. पन आधी दार साफ करा, मग शाळेची किल्ली."

रॉकेल आणि फुटक्या काचेचा तुकडा घेऊन मी दोन दिवस दार खरवडले. डांबर निघाले, पण त्याच्याखालचे लाकूड उजळ निघाले. आधी काळे होते ते वाक्य आता पांढरे झाले. "आता तर लांबूनबी दिसतंय," काकी म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मी अख्खे दार खरवडले.

शाळा एका खोलीची, कुडाच्या भिंतींची. वर्षाच्या अखेरीस शाळा तपासणारे दिपोटी यायचे होते. त्यांना शाळा पसंत पडली तर सरकारी मदत आणि माझ्या जागेला मंजुरी. नाही तर शाळा बंद आणि मी पुन्हा दाखला घेऊन दारोदार. मी मुलांकडून पाढे, कविता, नकाशा, सगळे घोटून घेतले.

आदल्या दिवशी सकाळी फवारणीचे पथक आले. माझेच जुने सोबती. मी त्यांना अभिमानाने आत घेतले आणि मुलांना पंप कसा चालतो ते दाखवले. पथक गेले, भिंती वाळल्या, आणि चारी बाजूंनी पांढरे ओघळ दिसू लागले. खोलीला कोड फुटल्यासारखे दिसत होते.

अध्यक्ष डोकावले. "गुरुजी, उद्या दिपोटी येनार. ह्ये असंच ठेवनार?"

"शास्त्र आहे ते," मी म्हणालो.

"शास्त्राला मंजुरी लागत नाय," ते म्हणाले आणि गेले.

मी तासभर ओघळांकडे पाहत बसलो. कधी वाटे, दिपोटी सुशिक्षित असतील, त्यांना कळेल. कधी वाटे, नाही कळले तर? दुपारी मुलांना तोरणासाठी आंब्याचे टहाळे आणायला लांब धाडले, घमेले भरून शेणमाती कालवली आणि दार लोटून घेतले. दोन भिंती झाल्या होत्या तेवढ्यात दार ढकलून काकी आत आल्या. हातात त्यांचेही घमेले होते. माझे कोपरापर्यंत भरलेले हात त्यांनी पाहिले.

"असा नाय, असा फिरवायचा हात," त्या म्हणाल्या आणि तिसरी भिंत घेतली. चौथी भिंत संपताना त्या म्हणाल्या, "घरात डांबर हाय थोडं. आनू?"

"मी लिहितो," मी म्हणालो. तत्त्व ते तत्त्व. त्या गेल्यावर शाळेच्या दारावर मी ते वाक्य जसेच्या तसे लिहिले, घराच्या जागी शाळा घालून. डांबराने नव्हे, खडूने. सकाळी दिपोटींची बैलगाडी दिसल्याबरोबर बाहीने पुसून टाकले.

दिपोटींनी भिंतींची तारीफ केली. नकाशाकडे पाहिलेसुद्धा नाही. मंजुरीचा कागद आठवड्यात आला.

पंधरा दिवसांनी पथक तपासणीला आले. नवा फवारणीवाला पोरगेला होता, डोळ्यांत माझ्यासारखीच आग. त्याने भिंतीवरून बोट फिरवले आणि वळून माझ्याकडे पाहिले.

"गुरुजी, तुम्ही तर आमच्यातलेच. भिंती का सारवल्या?"

"पाहुणे येणार होते," मी म्हणालो.